भक्तिगीत बाजारपेठेत : ‘रिलायंट के’चा अल्बम आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर

२ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत ‘म्म्हम्म’ या नावाचा एक अल्बम प्रसिद्ध झाला. होकार देताना आपण जो हुंकार देतो, तेच त्याचे नाव. गाणारा वाद्यवृंद होता ओहायो राज्यातील कँटन येथील ‘रिलायंट के’, आणि त्याची ओळख होती ख्रिस्ती पंक रॉक बँड अशी. हा अल्बम ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाच्या सर्वसाधारण यादीत थेट पंधराव्या स्थानी दाखल झाला. २००५ मध्ये त्यास ‘सुवर्ण’ प्रमाणपत्र मिळाले. हे प्रमाणपत्र अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी दिले जाते. ज्या गीतांची जागा ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात आहे असे मानले जात होते, ती गीते सर्वांच्या कानी पडू लागली.

या यशाबरोबर एक प्रश्नही उभा राहिला. श्रद्धेचे गीत तिकिटाच्या आणि विक्रीच्या जगात गेले की ते श्रद्धेचे उरते काय? आपल्या धर्मग्रामांतील तरुण गायकवृंद गिटार आणि ड्रम हाती घेतात, तेव्हा ज्येष्ठ मंडळींच्या मनात हाच प्रश्न असतो. मात्र तो अमेरिकेतून आलेला नवा प्रश्न नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड या गावी जन्मलेल्या एका हिंदू कीर्तनकाराच्या पुत्राने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो स्वतःच्या आयुष्यात सोडविण्याचा प्रयत्न केला. या लेखात आम्ही या दोन्ही उदाहरणांची माहिती एकत्र देत आहोत.

पंक संगीत आणि ‘रिलायंट के’

पंक रॉक ही संगीतशैली १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्क आणि लंडन येथे आकारास आली. वेगवान ठेका, मोजके स्वरमेळ, दोन-तीन मिनिटांचे गीत आणि प्रस्थापितांविरुद्धचा संताप ही तिची लक्षणे. ‘रमोन्स’ आणि ‘सेक्स पिस्टल्स’ हे तिचे आरंभीचे प्रसिद्ध वाद्यवृंद. अशा बंडखोर संगीतातून येशूची श्रद्धा गाता येईल, ही कल्पना अनेक ख्रिस्ती पालकांना रुचली नाही. त्याच वेळी पंकच्या चाहत्यांनाही ती हास्यास्पद वाटली.

तरीही १९९० च्या दशकात अमेरिकेत असे वाद्यवृंद उभे राहिले. ख्रिस्ती ध्वनिमुद्रणसंस्था, ख्रिस्ती आकाशवाणी केंद्रे आणि ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने अशी एक स्वतंत्र बाजारपेठ तेथे होती. वॉशिंग्टन राज्यातील ‘एमएक्सपीएक्स’ हा वाद्यवृंद याच बाजारपेठेतून पुढे आला आणि त्याच्या १९९८ च्या अल्बमलाही ‘सुवर्ण’ प्रमाणपत्र मिळाले.

‘रिलायंट के’ची स्थापना १९९८ मध्ये मॅट थिसेन, मॅट हूप्स आणि ब्रायन पिटमन या तरुणांनी केली. हूप्स यांच्याकडे प्लिमथ रिलायंट के ही जुनी मोटार होती. तिचेच नाव थोड्या बदलाने वाद्यवृंदाला दिले गेले. त्यांचे अल्बम ‘गोटी रेकॉर्ड्स’ ही ख्रिस्ती संस्था काढीत असे. ‘म्म्हम्म’च्या वेळी ‘कॅपिटल’ ही मोठी सर्वसाधारण कंपनी तिच्या जोडीला आली. त्यामुळे अल्बम नेहमीच्या दुकानांत पोहोचला आणि त्यातील गीते सर्वसाधारण आकाशवाणीवर व दूरचित्रवाणीवर वाजू लागली. म्हणजे यशाचे एक कारण संगीत होते, तर दुसरे वितरण.

तिसरे कारण शब्दरचनेत होते. या अल्बममधील गाजलेल्या दोन गीतांपैकी एकाचा विषय आहे मनुष्याला न कमावता लाभणारी कृपा. दुसऱ्याचा विषय आहे आपल्या गतायुष्याचा पश्चात्ताप. दोन्ही गीतांत ‘तू’ असे संबोधन येते, पण तो ‘तू’ कोण हे स्पष्ट सांगितलेले नाही. श्रद्धावंत ते प्रार्थना म्हणून ऐकतो, इतरांस ते दुरावलेल्या मित्रास किंवा प्रियजनास उद्देशून वाटते. आशय कायम ठेवून संबोधन झाकून घ्यावयाचे, ही या वाद्यवृंदाने निवडलेली वाट होय. तिच्यामुळे श्रोते वाढले, आणि ‘प्रभूचे नाव का घेत नाही?’ हा आक्षेपही तिच्यामुळेच अशा वाद्यवृंदांवर घेतला जातो.

कुरुंदवाडचा बालक

आता आपल्या मातीकडे वळू. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड हे कृष्णा-पंचगंगा संगमाजवळचे गाव. १९४८ पर्यंत ते पटवर्धन घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. येथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार असल्याने भक्ती आणि गायन यांचा संबंध बालकाने घरातच पाहिला.

बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट होऊन विष्णूच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. शालेय शिक्षण पुढे चालविणे कठीण झाले, म्हणून त्यास मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास पाठविण्यात आले. बाळकृष्णबुवा हे ग्वाल्हेर घराण्याचे ख्याल गायन महाराष्ट्रात रुजविणारे थोर गायक. तेथे वर्षानुवर्षे कठोर तालीम झाली.

गवयास त्या काळी समाजात मान नव्हता. चरित्रकार सांगतात की, मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णूस मिळाले, परंतु त्याच्या गुरूंना मिळाले नाही. ‘ते तर गवई’, एवढेच त्याचे कारण होते. ही गोष्ट शिष्याच्या जिव्हारी लागली. १८९६ मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली, ती गायनास आणि गायकास प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या निश्चयाने.

तिकीट लावून गायन

सौराष्ट्राच्या दौऱ्यात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. राजदरबाराबाहेर असे करणाऱ्या आरंभीच्या शास्त्रीय गायकांत त्यांची गणना होते. तिकिटाचा अर्थ येथे नीट समजून घ्यावयास हवा. दरबारात गवई राजाच्या मर्जीवर जगत असे आणि ऐकावयास मिळे ते निमंत्रितांनाच. तिकिटामुळे सामान्य माणसास थोड्या पैशांत ऐकता येऊ लागले आणि गायकास कोणापुढे हात पसरण्याचे कारण उरले नाही. ज्या बाजाराची आपणांस धास्ती वाटते, त्याच बाजाराने येथे एक बंधन तोडले.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. संस्थानिकाच्या पदरी न राहता लोकवर्गणीवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर ते चालविले गेले. वर्गात बसून, क्रमिक पुस्तकांवरून, परीक्षा देत संगीत शिकण्याची पद्धत तेथे रुजली. पलुसकरांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि पाठ्यपुस्तके छापून घेतली. स्त्रियांसाठीही शिक्षणाची सोय केली. १९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले.

गीतांच्या शब्दांकडे त्यांचे विशेष लक्ष असे. ख्यालाच्या अनेक पारंपरिक बंदिशींचे शब्द शृंगारिक होते. घरंदाज मुलामुलींना ते शिकविणे पालकांस मान्य होणार नाही, हे जाणून त्यांनी त्याच रागांत आणि त्याच चालींत भक्तिपर शब्द बसविले. मैफलीत तुलसीदास, सूरदास, मीरा यांची पदे गाण्यास त्यांनी मानाचे स्थान दिले. ‘रघुपति राघव राजाराम’ ही रामधून आज ज्या चालीत सर्वत्र गायिली जाते, तिचे श्रेय परंपरेने त्यांनाच दिले जाते. १९३० च्या दांडीयात्रेत ही धून घुमली आणि पुढे गांधीजींच्या प्रार्थनासभांत ती कायमची झाली. कीर्तनाच्या अंगणातील गीत राष्ट्राच्या रस्त्यावर आले, ते असे.

या वाटेची किंमतही त्यांनी मोजली. मुंबईतील विद्यालयाच्या इमारतीसाठी मोठे कर्ज काढले होते. उत्तरायुष्यात त्यांचे मन मैफलींपेक्षा रामनामात आणि रामायणावरील प्रवचनांत अधिक रमू लागले, तसे उत्पन्न घटले. १९२४ मध्ये कर्जापायी ती इमारत हातची गेली. मग ते नाशिक येथील रामनाम आधार आश्रमात राहिले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या परीक्षांना आजही देशभरातून विद्यार्थी बसतात. इमारत गेली, परंतु शिकविण्याची रीत उरली.

तबकडीवरील भजन

पलुसकरांच्या शिष्यांच्या काळात भक्तिगीतास नवे वाहन मिळाले, ते म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. विस्ताराने रंगणारा ख्याल त्यात आखडून बसे, पण भजन सहज मावे. कोल्हापूरचे नारायणराव व्यास हे पलुसकरांचे शिष्य ग्रामोफोनवरील गायनाने घरोघरी पोहोचले. पंक गीताची मर्यादाही दोन-तीन मिनिटांचीच असते, हे येथे ध्यानात घ्यावे. थोड्या वेळात एकच भाव पोहोचविण्याची शिस्त दोन्हींस लागते.

विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा जन्म १९२१ चा. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी त्यांस तयार केले. त्यांची भजने तबकड्यांवरून आणि आकाशवाणीवरून लोकांच्या घरात शिरली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ या चित्रपटात ते उस्ताद अमीर खाँ यांच्यासह गायिले. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची भजने आजही ऐकली जातात. ती ऐकताना तबकडी विकत घेतली होती की नाही, हे कोणी विचारीत नाही.

मराठी ख्रिस्ती गीताची वाट

लोकांच्या चालीत श्रद्धा गाण्याची परंपरा ख्रिस्तसभेतही जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीछंदात आहे. कथा नवी, छंद येथला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग, भजन आणि कीर्तन या रूपांत ख्रिस्तभक्ती मांडली. प्रॉटेस्टंट पंथातील या कवीची पदे आज पंथभेद विसरून गायिली जातात. शिवाय मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहातही त्यांचे स्थान सर्वमान्य आहे.

वाद्यांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका काळानुरूप विकसित झालेली दिसते. २२ नोव्हेंबर १९०३ च्या पत्रकात पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारखी गोंगाटी वाद्ये वाजविण्यास मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान देण्यास सांगितले आहे. इतर वाद्यांनाही वाव आहे, मात्र ती पवित्र कार्यास साजेशी असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावीत आणि श्रद्धावंतांची खरोखर उन्नती करावी, अशा अटी आहेत. या अटी उपासनेतील संगीतास लागू आहेत, हे विसरता कामा नये. ‘रिलायंट के’ची गीते पवित्र मिस्सासाठी रचलेली नव्हती. ती रंगमंचासाठी होती. वेदीपुढील गीत आणि रंगमंचावरील गीत यांची गल्लत केल्याने निम्मे वाद उत्पन्न होतात.

तीन वाटा

एकत्र पाहिले असता तीन वाटा स्पष्ट होतात. फादर स्टीफन्स यांनी येथला छंद घेऊन त्यात ख्रिस्तकथा भरली. पलुसकरांनी चाल कायम ठेवून शब्द बदलले, आणि देवाचे नाव मुद्दाम पुढे आणले. ‘रिलायंट के’ने भाव कायम ठेवून नाव मागे ठेवले. पहिल्या दोन वाटांनी जाणाऱ्यास आपण काय गातो हे श्रोत्यास सांगावे लागत नाही. तिसऱ्या वाटेने जाणाऱ्यास मात्र गीताबाहेरच्या आपल्या वागण्यातूनच ते सांगावे लागते. ही वाट चुकीची नव्हे, पण अधिक जोखमीची आहे.

आमच्या मते तरुण गायकवृंदांना विचारावयाचा प्रश्न ‘गिटार का?’ हा नसावा. हे गीत कोठे गावयाचे आहे, त्यातील शब्द कोणास उद्देशून आहेत, आणि त्यातून येणारा पैसा कोणत्या कामी लागणार आहे, हे प्रश्न विचारावेत. पलुसकरांनी तिकीट लावले, पण त्या पैशातून शाळा चालविली, आणि शाळा बुडाली तेव्हा भजन सोडले नाही. बाजारपेठेत गेलेल्या भक्तिगीताची परीक्षा त्याच्या खपापेक्षा गायकाच्या या हिशेबात अधिक होते. ज्या धर्मग्रामात तरुणांचा गायकवृंद आहे, तेथे धर्मगुरू, पालक आणि गायक यांनी एकदा एकत्र बसून हे प्रश्न मोकळेपणाने चर्चिले, तर तरुणांना मनाई करण्याची वेळ सहसा येणार नाही.