रडारला किडे ओळखता कधी येऊ लागले?
कीटक टिपणाऱ्या रडारचा जन्म १९४९चा, असे सर्रास सांगितले जाते. महायुद्धाच्या काळापासून निरभ्र आकाशातूनही रडारच्या पडद्यावर ठिपके उमटत. विमान नाही, ढग नाही, म्हणून चालक त्यांना ‘देवदूत’ म्हणू लागले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या क्रॉफर्ड यांनी १९४९मध्ये त्यांतले अनेक ठिपके किड्यांचे असल्याचे दाखवले. १९५४मध्ये इराणच्या आखातात जहाजावरच्या रडारने टोळधाड टिपली. या नोंदी मोलाच्या आहेतच, तरी माझ्या मते या तंत्राचा खरा जन्म १९६८चा, नायजरमधला. तोवर रडार एवढेच सांगे की वर काहीतरी आहे. ते काय, हे माणसाला दुसरीकडून कळावे लागे. टोळधाड तर नुसत्या डोळ्यांनाही दिसते. रात्री उंचावरून एकटा जाणारा टोळ दिसत नाही.

ब्रिटनच्या लफबरो विद्यापीठातले ग्लेन शेफर यांनी त्या वर्षी खास कीटकांसाठी जुळवलेले रडार सहाराच्या कडेला नेले. एकेका किड्यावरून परतलेली लहर सुटी पकडता आली आणि तिची तीव्रता ठेक्यात कमी-जास्त होताना दिसली. किड्याचे पातळ पंख लहर फारशी परतवत नाहीत, परतवते ते पाण्याने भरलेले शरीर. पंख हलवणारे स्नायू आकसले की धडाचा आकार किंचित बदलतो, आणि तोच ठेका रडारला मिळतो. वाळवंटी टोळाचा ठेका सेकंदाला सुमारे २० फडफडींचा. ओळखीचा पहिला पुरावा मिळाला तो इथे.

यावर आक्षेप असा की ठेक्यावरून जात ठरत नाही. सारख्या आकारमानाच्या दोन पतंगांचे ठेके एकमेकांत मिसळतात. आक्षेप खरा आहे. पुढे आलेल्या, सरळ वर पाहणाऱ्या रडारांनी वजन, शरीराची ठेवण आणि तोंडाची दिशाही मोजली, तरी नेमके नाव सांगायला जाळे किंवा प्रकाशसापळा लागतोच. दक्षिण इंग्लंडवरून वर्षाला सुमारे ३.५ लाख कोटी कीटक स्थलांतर करतात, हा २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाजही केवळ रडारचा नाही. अगदी बारीक किडे फुग्याला टांगलेल्या जाळ्याने मोजले होते. पण जाळे पुरावा देते तो त्या जागेचा आणि त्या घटकेचा. रात्रभर, शेकडो मीटर उंचीपर्यंत कोण कुठे चालले आहे, हे रडारच सांगते, आणि संशयितांची यादी इतकी आखूड करते की जाळ्यातला एक पतंगही निर्णायक ठरतो. १९८०च्या दशकात हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेच्या शेतांवर संशोधक रायली आणि सहकाऱ्यांनी घाटेअळीच्या पतंगांची रात्रीची उड्डाणे अभ्यासली, तीही रडारला जमिनीवरच्या निरीक्षणाची जोड देऊनच.