शूशनच्या दोन राण्या आणि पेण-रोह्याचे आपले शेजारी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं एका जुन्या ऋणाचें स्मरण करणें उचित होईल. ‘ज्युबिली’ हा शब्दच मुळीं इब्री भाषेंतून आलेला. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकून दासांस मोकळें करावें व विकलेली वडिलार्जित जमीन परत द्यावी, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रांत इस्राएल लोकांस आहे. त्यांचेच धर्मबंधु पेण आणि रोहा येथें पिढ्यानुपिढ्या आपले शेजारी होते. म्हणून त्यांच्या व आपल्याही पवित्र शास्त्रांतील एस्तेर राणीच्या कथेचें येथें थोडें मनन करूं.

या बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यास फुटलें व सात जोडपीं वांचलीं. ग्रंथ जवळ नव्हते. स्मरण मात्र राहिलें. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत ते तेल गाळीत, आणि शब्बाथ पाळण्यासाठीं शनिवारीं घाणा बंद ठेवीत. त्यावरून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं त्यांचीं आडनांवें या मातीचींच साक्ष देतात. मुंबईस त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं झालें, व पेण येथें १८६३ सालीं. एस्तेरच्या स्मरणाचा पूरीम सण फाल्गुनाच्या सुमारास येतो, म्हणून त्यास ते मराठींत ‘होळीचा सण’ म्हणत. १८८० च्या सुमारास त्यांच्यांतील बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदि मंडळींनीं शास्त्रांतील चरित्रें मराठी कीर्तनांतून सांगण्यास आरंभ केला.

आतां कथेकडे वळूं. अहश्वेरोश राजाचें राज्य हिंदुस्थानापासून कूशापर्यंत १२७ प्रांतांवर होतें. इब्री शास्त्रांत आपल्या देशाचें नांव येतें तें याच ग्रंथांत. मेजवानीच्या सातव्या दिवशीं, द्राक्षारसाच्या भरांत, राजानें वश्ती राणीस तिचें रूप पाहुण्यांस दाखविण्याकरितां बोलाविलें. ती आली नाहीं. तेव्हां ममुखान नांवाच्या मंत्र्यानें सल्ला दिला कीं, राणीचें पाहून साऱ्या राज्यांतील स्त्रिया पतीस तुच्छ मानतील. एकीच्या नकारापायीं साऱ्या स्त्रीजातीस धाक घालणारें फर्मान निघालें, आणि वश्तीचें राणीपद गेलें.

पुढें मर्दखय नांवाच्या यहूद्यानें हामान प्रधानास मुजरा केला नाहीं. हामानानें राजास सांगितलें कीं, या लोकांचे कायदे इतरांहून निराळे आहेत, त्यांस राहूं देणें हिताचें नाहीं. एका मनुष्याच्या वर्तनापायीं साऱ्या लोकांच्या संहाराचें फर्मान निघालें. वाचकहो, या दोन फर्मानांचा साचा एकच आहे. वश्तीचा वृत्तांत ही निव्वळ प्रस्तावना म्हणून आपण सोडून देतों. परंतु जेथें एका स्त्रीस न ऐकतां शिक्षा होते, तेथें एका समाजासही न ऐकतां मरण फर्माविलें जातें, हाच तिचा बोध आहे.

एस्तेर आज्ञाधारक होती म्हणून तिची स्तुति होते. पण पाहा: बोलावणें असून वश्ती गेली नाहीं, आणि बोलावणें नसून एस्तेर गेली. न बोलावतां आंतल्या चौकांत पाऊल टाकणारास देहान्ताची शिक्षा होती. राजानें सोन्याचा राजदंड पुढें केला तरच जीव वांचे. एस्तेरनें आपल्या दासींसह तीन दिवस उपास केला आणि मगच ती निघाली. इब्री ग्रंथांत देवाचें नांव एकदांही येत नाहीं. ग्रीक ग्रंथांत मात्र तिची प्रार्थना आहे. संत जेरोमनें हा भाग लॅटिन भाषांतरांत शेवटीं ठेविला, व त्रेंतच्या धर्मपरिषदेनें १५४६ सालीं तो शास्त्राचा भाग म्हणून कायम केला. त्यांत ती राजवस्त्रें उतरविते, डोक्यावर राख घेते, आणि आपण एकटी असल्याचें देवास सांगते. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यांत, गुरुवारच्या मिस्सेंत, हीच प्रार्थना आपण ऐकतों.

शूशनांत निराळेपण हा अपराध ठरला. पेण-रोह्यांत त्याचें केवळ एक नांव पडलें. हें कोंकणास भूषण आहे. परंतु ख्रिस्ती म्हणविणाऱ्या युरोपांत हामानाची भाषा कित्येक शतकें बोलली गेली, हें आपण विनयानें कबूल केलें पाहिजे. १९६५ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें यहूदी लोकांविषयींच्या द्वेषाचा स्पष्ट निषेध केला.

१९४८ नंतर आपले हे बहुतेक शेजारी इस्राएल देशीं गेले. येथें थोडीं घरें उरलीं. येत्या उपवासकाळीं एस्तेरची प्रार्थना कानीं पडेल तेव्हां त्यांचें स्मरण करूं या. आणि आपल्या घरांत कोणी मुलगी ‘नाहीं’ म्हणाली, किंवा न बोलावतां बोलावयास उभी राहिली, तर फर्मान काढण्यापूर्वीं तिचें म्हणणें ऐकून घेऊं या.