जावा, लेथ आणि खारा वारा

शिवाजी पार्कात जुनी दुचाकी सांभाळायची म्हणजे रोज खाऱ्या वाऱ्याशी भांडण. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे क्रोम, स्पोक, सायलेन्सर सगळं गंजतं. तरी जावा टिकली, कारण ती साधी होती.

तिची भारतातली गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. इथले रुस्तम आणि फारुख इराणी चेकोस्लोव्हाकियाहून जावा आयात करायचे. आयातीवर निर्बंध आले तेव्हा त्यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला. १९६१मध्ये तिथून पहिली गाडी बाहेर पडली. पुढे तिचं नाव येझदी झालं. टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. किकचा दांडा फिरवला की तोच गिअरचा दांडा!

१९९६मध्ये कारखाना बंद पडला. मग गाडी चालती ठेवली ती मेकॅनिकनी: कुठे लेथवर घडवलेला बुश, कुठे दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज ठरायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण ती रोजच्या वापरात आणता येत नाही. रोज धावणारी जावा मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करत साधी जुनी गाडीच राहते.

मूळ रूप जपायलाच हवं. पण लेथवरचा तो बुशही या गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. तो नसता, तर जपायला गाडीच उरली नसती.