माणसाळलेले गोरिला

१९०२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत रॉबर्ट फॉन बेरिंगे नांवाचा एक जर्मन लष्करी अधिकारी मध्य आफ्रिकेंतील विरुंगा पर्वतांपैकीं साबिन्यो या ज्वालामुखीवर चढत होता. वाटेंत त्याला प्रचंड काळीं वानरें दिसलीं. त्यानें गोळ्या झाडल्या. दोन ठार झालीं आणि त्यांतील एकाचें शव दरींतून वर काढतां आलें. तें बर्लिनच्या संग्रहालयास गेलें व पुढील वर्षीं तेथील शास्त्रज्ञांनीं या पर्वतीय गोरिलाला बेरिंगेचेंच नांव दिलें. मारणाऱ्याच्या नांवानें मारल्या गेलेल्याची ओळख व्हावी, हा शास्त्राच्या इतिहासांतील एक चमत्कारिक न्याय म्हणावा लागेल.

गोरिलाची कीर्ति तोंवर चांगलीच बिघडलेली होती. १८६१ सालीं पॉल द्यु शाय्यू या प्रवाशाचें पश्चिम आफ्रिकेविषयींचें पुस्तक प्रसिद्ध झालें होतें. छाती बडवीत, डोळे वटारून अंगावर धांवून येणारा राक्षस म्हणजे गोरिला, हें चित्र त्यानें युरोपच्या मनावर उमटविलें. छाती बडविणें खरें होतें. राक्षसपण बरेंचसें पाहणाऱ्याच्या भीतींतलें होतें. गोरिला धांवून येतो तो बहुधा दरडावण्यासाठीं, आणि अर्ध्या वाटेंत थांबतो. परंतु समोरून धांवून येणारें सुमारें चार मणांचें जनावर अर्ध्या वाटेंत थांबेल, असा विश्वास बाळगण्यास निराळेंच काळीज लागतें!

१९२१ सालीं कार्ल एकली हा अमेरिकन गृहस्थ न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठीं नमुने मिळविण्यास विरुंगांत आला. पांच गोरिला त्याच्या हातीं लागले. परंतु मेलेल्या गोरिलाच्या तोंडाकडे पाहून आपण खून केल्यासारखें त्याला वाटलें. त्यानें बेल्जमच्या आल्बर्ट राजाची मनधरणी केली व १९२५ सालीं या पर्वतांत राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. पुढल्याच वर्षीं एकली पुन्हा तेथें आला आणि मिकेनो पर्वताच्या उतारावर, काबारा येथें, आजारानें वारला. त्याला तेथेंच पुरण्यांत आलें.

त्याच काबाराच्या माळावर १९५९ सालीं जॉर्ज शॅलर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ येऊन राहिला. त्याची रीति अगदीं साधी होती. तो जवळ बंदूक ठेवीत नसे, होतां होईल तों एकटाच जाई, आणि झाडाआड दडण्याऐवजीं गोरिलांना सहज दिसेल अशा जागीं उघड्यावर बसे. लपणारा प्राणी शिकारी असतो, आणि उघड्यावर बसलेल्याची भीति हळूहळू कमी होते, हा त्याचा हिशेब बरोबर ठरला. विरुंगांत त्या वेळीं सुमारें ४५० गोरिला असावेत असा त्याचा अंदाज होता.

त्याच्या पाठोपाठ १९६७ सालीं डायअन फॉसी या अमेरिकन बाई काबारास आल्या. माग कसा काढावा हें त्यांना सान्वेक्वे नांवाच्या कांगोली वनरक्षकानें शिकविलें. बंडाळीमुळें कांगो सोडावा लागतांच त्यांनीं सप्टेंबरांत रवांडाच्या बाजूस कारिसोके येथें ठाणें मांडलें. फॉसीबाई शॅलरच्या एक पाऊल पुढें गेल्या. त्या गोरिलांसारखा पाला चघळीत, अंग खाजवीत, आणि तृप्त गोरिला घशांतून जो ढेंकरेसारखा आवाज काढतो त्याची नक्कल करीत. १९७० सालीं पीनट्स नांवाच्या नरानें आपण होऊन त्यांच्या हाताला बोटें लावलीं.

मराठींत माणसाळणें म्हणजे पाळीव होणें असाहि अर्थ होतो. तो येथें घ्यावयाचा नाहीं. गोरिलाला अन्नाची लालूच दाखवीत नाहींत. मनुष्य पाहून त्यानें पळूं नये आणि अंगावरहि येऊं नये, वाटेंतल्या झाडाइतकेंच त्याला क्षुल्लक लेखावें, एवढेंच साधावयाचें असतें. माग काढणारे सकाळींच आदल्या दिवशीं जेथें कळप सोडला तेथें येतात. गोरिला रोज संध्याकाळीं पानाफांद्यांचीं नवीं घरटीं करून निजतात. तीं मोजलीं कीं कळपाची संख्या कळते, आणि तेथून चुरडलेल्या पाल्याचा माग सुरू होतो. आरंभीं पळणारा कळप, एखादी किंकाळी व उग्र वास याखेरीज कांहीं पदरीं पडत नाहीं. मग रुपेरी पाठीचा प्रौढ नर पळण्याचें सोडून धांवून येऊं लागतो, आणि जाणते लोक याला प्रगति समजतात. अशा वेळीं खालीं बसावें, नजर खालीं वळवावी, तृप्तीचा तो आवाज काढावा. रोज, पावसांत आणि खाजकुयलींसारख्या रानांत, हें सुमारें दोन वर्षें चालतें.

परंतु भीति हेंच गोरिलाचें चिलखत होतें. फॉसीबाईंना हें ठाऊक होतें. शिकारी आफ्रिकी होते म्हणून त्या आफ्रिकी सहाय्यकांना गोरिलांच्या दृष्टीस पडूं देत नसत. ज्या देशाचें तें रान, त्याच देशच्या माणसांना परकें ठरविणारी ही सावधगिरी होती, आणि ती पुरीहि पडली नाहीं. १९७७ सालच्या ३१ डिसेंबर रोजीं त्यांचा लाडका डिजिट चोरट्या शिकाऱ्यांशीं व त्यांच्या कुत्र्यांशीं लढतांना भाल्यांनीं मारला गेला. १९८५ सालच्या डिसेंबरांत कारिसोके येथें खुद्द बाईंचाच खून झाला.

१९७९ पासून निराळाच प्रयोग सुरू झाला. रवांडा सरकार उद्यानाची आणखी जमीन गुरांसाठीं तोडावयास निघालें होतें. बिल वेबर आणि एमी व्हेडर या दांपत्यानें असें सुचविलें कीं, गोरिला पाहण्यास येणारे पाहुणे गुरांपेक्षां अधिक पैसा देतील. आतां कळप माणसाळविण्याचें काम रवांडाचेच वनरक्षक करूं लागले. १९८१ च्या गणतींत विरुंगांत सुमारें २५० गोरिला उरले होते.

धोके टळले नव्हते. १९९२ सालीं यादवी युद्धांत माणसांना सरावलेला म्रिथी नांवाचा नर गोळीला बळी पडला. २००९ सालीं रवांडांतील एका माणसाळलेल्या कळपांत श्वसनाचा आजार पसरला. एक मादी व एक पिल्लूं दगावलें आणि मानवी विषाणु सांपडला. एका वेळीं आठच पाहुणे, एकच तास, आणि ठराविक अंतर, हे नियम अशाच धोक्यांसाठीं आहेत. २०२० च्या साथीनंतर तोंडावर मुखपट्टीहि आली.

तरीहि २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें जमाखर्चाची बाजू दाखविली. चाळीस वर्षांच्या नोंदींत माणसाळलेले कळप दरसाल सुमारें ४ टक्क्यांनीं वाढले होते आणि न माणसाळलेले किंचित् घटले होते. कारण एवढेंच कीं, ज्यांच्याजवळ रोज जातां येतें त्यांच्यावर पहारा ठेवतां येतो, त्यांच्या अंगांतला फांस काढतां येतो, आजाऱ्याला औषध देतां येतें. २०१५-१६ च्या गणतींत विरुंगांतील संख्या ६०४ भरली. त्याच पर्वतांतील कांगोच्या उद्यानांत हा पहारा करतांना आजवर दोनशेंहून अधिक वनरक्षकांनीं प्राण गमावले आहेत.