मॅक्बेथची राणी

शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’ नाटकांतील लेडी मॅक्बेथ आपल्याकडे बहुधा एकाच शब्दांत निकालांत निघते: राक्षसीण. शिवराम महादेव परांजपे यांच्या ‘मानाजीराव’ या रूपांतरामुळें कांहींना, व कॉलेजांतील क्रमिक पुस्तकामुळें पुष्कळांना तिचा परिचय झाला. परंतु नवऱ्याला खुनास प्रवृत्त करणारी आणि पुढें पश्चात्तापानें वेडी होणारी बायको, यापलीकडे तो सहसा गेला नाहीं. पहिल्या अंकांतील करारी स्त्री पांचव्या अंकांत इतकी दीन कां होते, याला पश्चात्ताप हें एकच उत्तर आम्हांस अपुरें वाटतें.

इतिहासांतील मॅक्बेथनें स्कॉटलंडवर १०४० पासून १०५७ पर्यंत राज्य केलें. डंकन त्याच्या घरीं झोपेंत मारला गेला नाहीं. तो लढाईंत पडला. राणीचें नांव ग्रुओख. ती राजवंशांतली, तिचा पहिला नवरा १०३२ सालीं पन्नास माणसांसह जाळला गेला, आणि त्याचा मुलगा लुलाख हा मॅक्बेथच्या मागून कांहीं महिने गादीवर होता. या दांपत्यानें लॉख लेव्हन येथील मठाला जमीन दिल्याची नोंद आहे. शेक्सपिअरपुढें मात्र होती ती होलिनशेडची बखर. तिच्यांत मॅक्बेथची बायको राणीपदाच्या हव्यासानें त्याला भरीस घालते, तीहि एका वाक्यापुरती, आणि मग नाहींशी होते. राजाला पाहुणा म्हणून ठेवून मारण्याची युक्ति त्याच बखरींतील डोनवाल्डच्या बायकोची. म्हणजे महत्त्वाकांक्षा बखरींतून आली. तिचा शेवट सर्वस्वीं कवीचा.

हा शेवट त्यानें फार आधींपासून तयार केला आहे. ती प्रथम दिसते ती नवऱ्याचें पत्र वाचतांना, व त्या पत्रांत तो तिला आपल्या मोठेपणाची भागीदार म्हणतो. हा शब्द वाचकानें ध्यानांत ठेवावा. लगेच ती पिशाच्चांना आपलें स्त्रीत्व हिरावून घेण्याची विनवणी करते. जी जात्याच निर्दय आहे तिला अशी विनवणी कशाला लागेल? खुनाच्या रात्रीं तिला मद्याचा आधार लागतो. निजलेल्या डंकनमध्यें बापाचा भास झाला नसता तर आपणच वार केला असता, असेंहि ती बोलून जाते. हा कणखरपणा उसना आहे, आणि तो तिनें नवऱ्यासाठीं आणला आहे.

मुकुट मिळतांच भागीदारी मोडते. तिसऱ्या अंकांत राजाशीं चार शब्द बोलण्यासाठीं राणीला नोकराकरवीं वर्दी द्यावी लागते! बँकोला मारण्याचा बेत तो तिला कळूंच देत नाहीं; लाडानें दूर सारतो. (आमच्या मतें हा लाड शिव्याशापांहून कठोर आहे.) मेजवानीच्या रात्रीं पाहुण्यांपुढें ती त्याला कशीबशी सांवरून घेते, पाहुणे गेल्यावर मात्र तिच्या तोंडीं राग नाहीं, टोमणा नाहीं, तुला झोपेची गरज आहे एवढेंच. चवथ्या अंकांत ती रंगभूमीवर येतच नाहीं. त्या अंकांत मॅकडफचीं बायकामुलें कापलीं जातात.

पुढचा प्रवेश निद्राभ्रमणाचा. सायमन फॉर्मन या ज्योतिषी-वैद्यानें १६११ सालीं ग्लोब नाटकगृहांत हें नाटक पाहिलें, तेव्हां हा प्रसंग त्यानें टिपून ठेवला. १७८५ सालीं ड्रुरी लेन येथें सॅरा सिडन्सनें रूढि मोडून हातांतील मेणबत्ती खालीं ठेवली व दोन्ही हात धुण्यास मोकळे केले. व्यवस्थापक शेरिडन याला तें पसंत नव्हतें. एके काळीं काळोखाला बोलावणाऱ्या या बाईला आतां उशाशीं सतत दिवा लागतो. तिचें पद्य सुटून तुटक गद्य आलें आहे. त्या बडबडींत डंकनचें रक्त आहे, तशीच मॅकडफची बायकोहि आहे: ती आतां कोठें, असा प्रश्न. या दुसऱ्या खुनांत तिचा सल्ला नव्हता; तरी तोहि ती आपल्या हातांवरून धुऊं पाहते. नवऱ्यानें भागीदारी मोडली, तिनें मोडली नाहीं. झोपेंत ती त्याचा हात मागते आणि त्याला अंथरुणाकडे नेऊं लागते. तो तेथें नसतो.

पांचव्या अंकाच्या पांचव्या प्रवेशांत आंतून बायकांचा आक्रोश ऐकूं येतो. राणी गेल्याचें कळतांच मॅक्बेथ म्हणतो, अशा वार्तेला पुढें केव्हां तरी सवड झाली असती.