तचगंध आणि कार्ल्याचा गंधिक

मुळशीतील घोटावड्याच्या वायव्येस, मावळात, कार्ल्याचे चैत्यगृह आहे. तेथील द्वाराचे दान धेनुकाकटच्या सिंहदत्त नामक गंधिकाने केल्याचा ब्राह्मी लेख आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये करणारा वा विकणारा. दालचिनीच्या सालीतून सुगंधी तेल निघते. संयुत्तनिकायातील गंधब्बकाय-संयुत्तात असा सालीचा गंध ‘तचगंध’ म्हणून स्वतंत्र गणला आहे. विनयाने भिक्खूंना गंधविलेपन वर्ज्य केले. परंतु भेसज्जक्खंधकात नेत्रांजनासाठी चंदन, तगर इत्यादींस अनुमती दिली. म्हणजे निषेध विलासाचा होता, द्रव्याचा नव्हे. आणि त्या द्रव्यावर जगणाऱ्याचा तर मुळीच नव्हे. सिंहदत्ताच्या लेखात वर्ण नाही, नावापूर्वी व्यवसाय आहे. धम्माच्या द्वारी मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने व दानाने ओळखला गेला, हे उपासकांनी ध्यानी घ्यावे.