तुकडे, क्रम आणि ताळा

मागच्या दिवाळीत सोनपेठला घरी गेलो होतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचा व्हिडिओ चुलतभावाच्या लॅपटॉपवर होता. आजी आता नाही, आणि प्रत ही एकच. फाइल ९ जीबीची. १६ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह लावला तर म्हणे फाइल फार मोठी आहे! कारण फॅट३२. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या पलीकडे जात नाही, जागा कितीही असो.

लॅपटॉपवर लिनक्स होतं. 'स्प्लिट' कमांड दिली, २ जीबीच्या हिशेबाने पाच तुकडे पडले.

मंडळी, ही कमांड माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९७३ साली ती आली. आकार सांगितला नाही तर हजार-हजार ओळींचे तुकडे पाडते. नावं एक्सएए, एक्सएबी, एक्सएसी अशी. गंमत नावातच आहे. क्रम नावात असल्यामुळे १९७१ पासूनची 'कॅट' कमांड सगळ्यांना रांगेत जोडून टाकते. १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या काळात मोठी फाइल न्यायची तर असे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नसे.

पण क्रम बरोबर म्हणजे मजकूर बरोबर, असं थोडंच आहे? शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो, तसा फाइलचाही ताळा असतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची एमडी५ ही रीत १९९२ साली जाहीर झाली. मुद्दाम केलेली लबाडी पकडायला ती आता पुरत नाही, पण कॉपी करताना एक बिट जरी बदलला तरी ती सांगते.

आपल्याकडे हा ताळा नसल्याची किंमत एका मोठ्या ग्रंथाने मोजली आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांना विचारून गोळा केल्या, ते 'लीळाचरित्र'. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, म्हणून तो वाचला. पण पाठ वेगवेगळे झाले. वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून १९७८ साली संपादित आवृत्ती काढली. पण ज्याच्याशी ताळा जमवायचा, ते मूळच हाती नव्हतं.

असो. पुण्याला येऊन ताळा केला, तर चौथा तुकडा जुळेना! पोटात गोळाच आला. भावाला फोन लावला, "मूळ फाइल पुसली का रे?"

"नाही दादा, विसरलो."

त्याचा विसराळूपणा पहिल्यांदाच गोड वाटला. तेव्हा एवढंच सांगतो: आधी जोडा, मग ताळा करा, आणि मगच मूळ पुसा. खरं तर पुसूच नका.